ब्राउझरच्या पोटातला जुना ब्राउझर : सुसंगततेच्या सोयींची तीन दशके

मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये, डीफॉल्ट ब्राउझरविषयीच्या सदरात, वापरकर्त्याकडे एक परवानगी मागितलेली असते : संकेतस्थळे 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड'मध्ये पुन्हा उघडू द्यायची की नाहीत. परवानगी देऊन एखादा पत्ता तेथील यादीत नोंदवला, की पुढचे तीस दिवस ते पान एजच्याच चौकटीत उघडते. मात्र ते पडद्यावर रेखाटण्याचे काम एजचे नेहमीचे इंजिन करत नाही, तर १९९७ सालच्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ पासून चालत आलेले ट्रायडंट हे इंजिन करते. विंडोज १० वरील इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी अधिकृतपणे निवृत्त झाला आणि १४ फेब्रुवारी २०२३ रोजी एजच्या एका अद्ययावतीकरणाद्वारे तो बहुतेक संगणकांवर कायमचा बंद करण्यात आला. असे असताना त्याचे इंजिन त्याच्याच उत्तराधिकाऱ्याच्या पोटात का ठेवावे लागले, याचे उत्तर शोधायचे तर वेबच्या पहिल्या दशकात घेतल्या गेलेल्या काही निर्णयांपर्यंत मागे जावे लागते.

इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी तयार केलेला मोझेक हा ब्राउझर १९९३ साली प्रसिद्ध झाला आणि मजकुरासोबत चित्रे दाखवणारा वेब सामान्य वाचकापर्यंत पोहोचला. पुढच्याच वर्षी अँड्रीसन आणि जिम क्लार्क यांनी नेटस्केप ही कंपनी काढली. तिच्या नॅव्हिगेटर या ब्राउझरचे अंतर्गत नाव 'मोझिला' होते, आणि सर्व्हरला स्वतःची ओळख देताना तो हेच नाव सांगत असे. ब्राउझर प्रत्येक पान मागताना स्वतःविषयीची जी ओळ पाठवतो, तिला 'यूजर एजंट' असे म्हणतात. नेटस्केपला चौकटींत विभागलेली पाने दाखवता येत होती आणि इतरांना येत नव्हती, म्हणून अनेक सर्व्हर ही ओळ तपासून 'मोझिला' असे नाव दिसले तरच चांगले पान पाठवू लागले. स्पायग्लास या कंपनीकडून मोझेकची आज्ञावली परवान्याने घेऊन मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर बाजारात आणला, तेव्हा ही तपासणी त्याच्या आड आली. म्हणून त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने आपली ओळख 'मोझिला' अशीच सांगायला सुरुवात केली आणि आपले खरे नाव कंसात, 'कम्पॅटिबल' म्हणजे सुसंगत या शब्दापुढे टाकले. सुसंगततेसाठी केलेली ही पहिली मोठी तडजोड होय, आणि ती आजही पुसली गेलेली नाही : क्रोम, सफारी, एज आणि फायरफॉक्स हे सगळेच स्वतःला सर्वांत आधी 'मोझिला/५.०' म्हणवतात.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे ब्राउझर-युद्धाची मानली जातात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली स्थापन केलेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने मानके लिहायचे काम हाती घेतले होते, पण दोन्ही कंपन्या मानकांची वाट न पाहता नवनव्या सोयी आणत होत्या आणि मानक तयार होई तोवर लक्षावधी पाने कोणत्या तरी एका ब्राउझरच्या सवयीप्रमाणे लिहिली गेलेली असत. पानाची मांडणी ठरवणारी सीएसएस ही भाषा याचे उत्तम उदाहरण आहे. डिसेंबर १९९६ मध्ये मान्य झालेल्या तिच्या पहिल्या मानकानुसार एखाद्या चौकटीची रुंदी २०० पिक्सेल, आतले अंतर दोन्ही बाजूंना २० पिक्सेल आणि कडेची रेघ दोन्ही बाजूंना ५ पिक्सेल असे सांगितले, तर ती चौकट पानावर एकूण २५० पिक्सेल जागा घेते, कारण मानकाच्या दृष्टीने रुंदी म्हणजे केवळ मजकुराची रुंदी. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत मात्र रुंदीत अंतर आणि रेघ दोन्ही धरली जात, त्यामुळे तीच चौकट २०० पिक्सेलांत बसे आणि मजकुराला १५० पिक्सेल उरत. एकाच पानाच्या दोन ब्राउझरमधील रूपांत पन्नास पिक्सेलांचा फरक पडला, की शेजारचा स्तंभ खाली घसरे आणि सगळी मांडणी कोसळे. इंटरनेट एक्सप्लोररची ही मोजणी मानकाच्या विरुद्ध असली तरी पाने रचणाऱ्याच्या दृष्टीने ती अधिक सोयीची होती, हे मान्य केले पाहिजे. पुढे सीएसएसमध्येच तिला 'बॉर्डर-बॉक्स' या नावाने अधिकृत स्थान मिळाले आणि आज असंख्य रचनाकार पहिल्याच ओळीत तिची निवड करतात.

चूक दुरुस्त करावी तर जुनी पाने मोडणार आणि न करावी तर मानक कागदावरच राहणार, अशा या पेचातून मार्ग काढला तो मार्च २००० मध्ये मॅकिंटॉशसाठी आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने. टॉड फार्नर यांनी सुचवलेली कल्पना टँटेक चेलिक यांनी त्या ब्राउझरच्या टास्मन या इंजिनात प्रत्यक्षात आणली. पान कोणत्या मानकानुसार लिहिले आहे, हे सांगणारी एक ओळ पानाच्या अगदी सुरुवातीला देता येते. तिला 'डॉकटाइप' म्हणतात. जुन्या पानांत ती बहुधा नसेच, किंवा असली तर अपुरी असे. उलट मानकांची जाण असलेला लेखक ती काळजीपूर्वक लिही. म्हणून ब्राउझरने ही ओळ पाहून पानाचे वय ओळखावे आणि ती असेल तर मानकाप्रमाणे, नसेल तर जुन्या चुकांसकट पान दाखवावे, असे ठरले. या दुसऱ्या पद्धतीला 'क्वर्क्स मोड' असे नाव पडले. तिच्यात इतर लकबीही जपलेल्या आहेत. उदाहरणार्थ, पानाला दिलेला अक्षरांचा आकार तक्त्याच्या आतल्या मजकुराला लागू होत नाही, कारण १९९० च्या दशकातील ब्राउझर तसेच वागत. नेटस्केपच्या अवशेषांतून उभ्या राहिलेल्या मोझिला प्रकल्पाने आणि २००१ साली विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोरर ६ ने हीच युक्ती स्वीकारली. वापरकर्त्याला काहीही विचारायचे नाही, कोणतेही बटण दाबायला लावायचे नाही आणि तरीही जुने पान जुन्यासारखे दिसू द्यायचे, ही या युक्तीची थोरवी आहे. सुसंगततेच्या सर्व उपायांत हा उपाय सर्वांत शहाणपणाचा ठरला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

परंतु डॉकटाइपने सुटणारा प्रश्न फक्त दिसण्याचा होता. त्याहून कठीण प्रश्न 'ॲक्टिव्हएक्स' या तंत्राने निर्माण केला. १९९६ सालच्या इंटरनेट एक्सप्लोरर ३ मध्ये आलेल्या या सोयीमुळे वेबपानाला विंडोजसाठी लिहिलेला एखादा प्रोग्राम उतरवून घेऊन तो ब्राउझरच्या आत चालवता येई, आणि एकदा वापरकर्त्याने 'होय' म्हटले की त्या प्रोग्रामला संगणकावर बहुतेक तेच अधिकार मिळत जे स्वतः वापरकर्त्याला असत. कार्यालयांना हे तंत्र फार उपयोगी वाटले, कारण छपाई, स्कॅनर, स्मार्ट कार्ड, डिजिटल सही ही सगळी कामे ब्राउझरमधून करता येऊ लागली; शिवाय पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती मागवण्याची जी पद्धत आज सर्वत्र आहे, तीही १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये ॲक्टिव्हएक्सच्याच रूपाने प्रथम आली. मात्र ती पद्धत पुढे सगळ्या ब्राउझरांनी उचलली आणि मानकात लिहिली गेली, तर बाकीचे ॲक्टिव्हएक्स प्रोग्राम विंडोज आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांना कायमचे जखडलेले राहिले.

या जखडलेपणाचा सर्वांत मोठा अनुभव दक्षिण कोरियाने घेतला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या निर्यात-नियमांमुळे परदेशी जाणाऱ्या ब्राउझरांत सांकेतिकीकरणाची किल्ली फक्त ४० बिटांची असे. ही किल्ली बँकेच्या व्यवहारांसाठी फारच दुबळी असल्याने कोरियाच्या माहिती-सुरक्षा संस्थेने १९९८ साली 'सीड' ही स्वतःची १२८ बिटांची पद्धत विकसित केली, आणि १९९९ च्या इलेक्ट्रॉनिक सही कायद्याने नागरिकांच्या अधिकृत प्रमाणपत्रांची व्यवस्था उभी केली. ब्राउझरला 'सीड' येत नसल्यामुळे ती वरून जोडणे भाग होते आणि नेटस्केप मागे पडल्यावर ती जोडण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणून ॲक्टिव्हएक्स तेवढे उरले. अमेरिकेने जानेवारी २००० मध्ये निर्बंध बरेच सैल केले, म्हणजे मूळ कारण वर्ष-दोन वर्षांतच नाहीसे झाले. पण तोवर बँका, दुकाने आणि सरकारी खाती यांची यंत्रणा त्या पायावर उभी राहिली होती. मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्याला घरबसल्या बँकेचे काम करता येईना. कोरिया विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक किम की-चांग यांनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, पण त्यांना यश आले नाही. पुढे २०१४ साली एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेतील नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना कोरियन संकेतस्थळांवरून विकत घेता येत नाही, हा मुद्दा खुद्द राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी जाहीरपणे मांडला, तेव्हा सुधारणेला वेग आला; आणि अधिकृत प्रमाणपत्राचा विशेष दर्जा अखेर डिसेंबर २०२० मध्ये संपला. एका अल्पजीवी अडचणीवर काढलेला उपाय वीस वर्षे सबंध देशाच्या मानगुटीवर बसला, आणि तो काढणाऱ्यांच्या हेतूत काहीच खोट नव्हती, ही या प्रकरणातील खरोखर क्लेशदायक बाब आहे.

मराठीसह भारतीय भाषांतील वाचकांचा या इतिहासाशी आलेला संबंध वेगळ्या वाटेने आला. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान असले, तरी विंडोज ९८ मध्ये ती दाखवण्याची सोय नव्हती. म्हणून भारतीय भाषांतील अनेक वृत्तपत्रांनी आपल्या संकेतस्थळांवर असे फाँट वापरले, ज्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. वाचकाकडे तो फाँट नसेल तर बातमीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसे. फाँट आपोआप उतरवण्याची 'ईओटी' ही पद्धत इंटरनेट एक्सप्लोरर ४ मध्ये आली, त्यामुळे त्या ब्राउझरात बातमी नीट दिसू लागली, पण फायरफॉक्स किंवा सफारी वापरणाऱ्याच्या वाट्याला तीच रांग आली. फाँटची फुकटात उचल होऊ नये यासाठी ईओटी धारिका ठरावीक पत्त्याशी बांधून टाकण्याचीही सोय होती; परिणामी असे पान कोणी जपून दुसरीकडे ठेवले, तरी त्याचा फाँट तेथे उघडेलच याची शाश्वती नसे. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये देवनागरीची सोय व मंगल हा फाँट आल्यानंतर वृत्तपत्रे हळूहळू युनिकोडकडे वळली, परंतु त्या काळातील पानांचा जो भाग तसाच राहिला, तो आजच्या शोधयंत्रांच्या दृष्टीने मराठी नव्हेच. क्वर्क्स मोड त्यांना वाचवू शकत नाही, कारण बिघाड मांडणीत नसून खुद्द मजकुरात आहे. एका पिढीच्या मराठी पत्रकारितेचा ऐवज अशा रीतीने एका ब्राउझरवर अवलंबून राहिला, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

ब्राउझरच्या बाजारातील नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा मिळाल्यावर मायक्रोसॉफ्टने २००१ नंतर इंटरनेट एक्सप्लोररच्या विकासाकडे जवळजवळ पाठ फिरवली. सहावी आवृत्ती आणि ऑक्टोबर २००६ मधील सातवी आवृत्ती यांच्यात पाच वर्षांचे अंतर पडले. या पाच वर्षांत जगभरच्या कार्यालयांनी आपल्या अंतर्गत यंत्रणा नेमक्या सहाव्या आवृत्तीवर घडवल्या, आणि रचनाकारांनी तिच्या उणिवा चुकवणाऱ्या आडवाटा आपल्या पानांत पेरून ठेवल्या. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्स १.० मुळे स्पर्धा पुन्हा सुरू झाली, पण सातव्या आवृत्तीने काही चुका दुरुस्त करताच आडवाटांवर विसंबलेली पाने मोडली. डॉकटाइपची युक्तीही आता अपुरी पडू लागली होती, कारण डॉकटाइप लिहूनही असंख्य पाने मानकाऐवजी सहाव्या आवृत्तीलाच अनुसरून लिहिली गेली होती.

आठव्या आवृत्तीच्या वेळी हा वाद उघड्यावर आला. जानेवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुचवले, की प्रत्येक पानाने 'एक्स-यूए-कम्पॅटिबल' नावाची एक सूचना देऊन आपल्याला कोणती आवृत्ती हवी ते सांगावे, आणि जे पान काहीच सांगणार नाही ते सातव्या आवृत्तीप्रमाणे दाखवले जावे. याचा अर्थ असा होता, की मानकाप्रमाणे लिहिणाऱ्याने यापुढे नव्या इंजिनाचा लाभ घेण्यासाठी मुद्दाम परवानगी मागायची आणि गप्प बसणाऱ्याने कायम २००६ सालात राहायचे. मानकांचे पुरस्कर्ते यावर तुटून पडले, आणि ते योग्यच होते. त्या सुमारास युरोपीय आयोगापुढे ऑपेरा या कंपनीने मायक्रोसॉफ्टविरुद्ध तक्रारही दाखल केलेली होती. मार्च २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने निर्णय फिरवला : गप्प बसणारे पान नव्या मानकानुसार दाखवायचे आणि ज्याला जुने हवे त्याने तसे सांगायचे. मार्च २००९ मध्ये आठवी आवृत्ती आली तेव्हा तिच्या पत्त्याच्या पट्टीशेजारी फाटलेल्या कागदाच्या चित्राचे एक बटण होते. ते दाबले की पान सातव्या आवृत्तीच्या पद्धतीने पुन्हा रेखाटले जाई. या सोयीला 'कम्पॅटिबिलिटी व्ह्यू' असे नाव होते. ती चालू असताना ब्राउझर आपली ओळखही सातवी आवृत्ती म्हणून सांगे, पण त्याच ओळीत 'ट्रायडंट/४.०' हा उल्लेख राहू देई, म्हणजे जाणकार सर्व्हरला खरी आवृत्ती कळू शके. कार्यालयांच्या अंतर्गत जाळ्यावरील पाने मात्र आपोआप याच पद्धतीने उघडत, आणि येथेच पुढच्या दशकाचे दोन वेबांत विभाजन झाले : उघडा वेब पुढे गेला आणि कार्यालयांच्या भिंतींआडचा वेब जागीच थांबला.

थांबण्याची किंमत किती, हे जानेवारी २०१० मध्ये दिसले. गूगल आणि इतर कंपन्यांवर झालेल्या हल्ल्यात इंटरनेट एक्सप्लोररमधील एका त्रुटीचा उपयोग झाल्याचे उघड होताच जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सरकारी यंत्रणांनी नागरिकांना दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला. ब्रिटिश सरकारने मात्र त्याच वर्षी, नागरिकांच्या विनंतीअर्जाला उत्तर देताना, सहावी आवृत्ती सोडण्यास नकार दिला, कारण सर्व खात्यांच्या यंत्रणा नव्या ब्राउझरवर तपासून घेण्याचा खर्च अवाढव्य होता. ही अडचण खरी होती. ब्राउझर बदलणे फुकट असते, पण त्यावर अवलंबून असलेली पगारपत्रके, भांडारनोंदी आणि मंजुरीचे अर्ज पुन्हा लिहिणे फुकट नसते, आणि ते लिहिणारी कंपनी किंवा माणसे अनेकदा कधीच निघून गेलेली असतात. हे ओळखून मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये अकराव्या आवृत्तीला 'एंटरप्राइझ मोड' जोडला : संस्थेच्या संगणक विभागाने एका यादीत पत्ते लिहून ठेवायचे आणि ब्राउझरने त्या पत्त्यांपुरते आठव्या आवृत्तीसारखे वागायचे. कोणते पान किती जुने आहे, हे ठरवण्याचा अधिकार प्रथम पानाच्या लेखकाकडे होता, मग काही अंशी वाचकाच्या बटणाकडे आला आणि आता तो संस्थेच्या प्रशासकाकडे गेला.

जुलै २०१५ मध्ये विंडोज १० सोबत आलेल्या एजमधून ॲक्टिव्हएक्स आणि जुने मोड काढून टाकले गेले. गरज पडल्यास तो यादीतील पत्ता शेजारच्या इंटरनेट एक्सप्लोररकडे सोपवून देई. डिसेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने क्रोमियम या गूगलप्रणीत मुक्त प्रकल्पाचा आधार घेण्याचे जाहीर केले, आणि जानेवारी २०२० मध्ये नवा एज आला तो पोटात ट्रायडंट घेऊनच. इंटरनेट एक्सप्लोरर मोडमधील पानाच्या पत्त्यापाशी जुने निळे चिन्ह दिसते. त्याच्या आत पाचव्या आवृत्तीपासून अकराव्यापर्यंतच्या पद्धती आणि ॲक्टिव्हएक्स हे सारे जिवंत असते.

उघड्या वेबवरील जुन्या पानांची कथा याच काळात अगदी निराळ्या रीतीने पुढे गेली. क्वर्क्स मोडच्या लकबी एकेक करून तपासून मानकातच लिहून काढण्यात आल्या, त्यामुळे १९९० च्या दशकात जन्मही न झालेला ब्राउझर त्या वाचून तसाच वागू शकतो. ब्राउझरचे नाव विचारणाऱ्या जुन्या आज्ञेला आजचा प्रत्येक ब्राउझर मानकानुसार 'नेटस्केप' असे उत्तर देतो. २०१८ साली जावास्क्रिप्टमध्ये याद्या सपाट करणारी 'फ्लॅटन' नावाची नवी आज्ञा येऊ घातली होती, पण मूटूल्स या जुन्या जावास्क्रिप्ट आज्ञासंग्रहाने तेच नाव वापरलेले असल्याने काही संकेतस्थळे मोडू लागली, म्हणून भाषेच्या रचनाकारांनी आपल्याच आज्ञेचे नाव आखडून 'फ्लॅट' असे केले. फायरफॉक्सची ११० वी आवृत्ती आली तेव्हा तिच्या यूजर एजंटच्या ओळीतील 'आरव्ही:११०' यातील पहिले दोन अंक पाहून काही संकेतस्थळे तिला इंटरनेट एक्सप्लोरर ११ समजण्याचा धोका होता, म्हणून ११० ते ११९ या दहाही आवृत्त्यांनी त्या ठिकाणी १०९ हाच आकडा सांगितला. या सगळ्या सवलतींना मुदत नाही आणि त्या चालू करण्यासाठी कोणाला सेटिंग्ज उघडावी लागत नाहीत, कारण त्या सर्वांसमक्ष लिहिलेल्या आहेत आणि त्यांच्यामुळे वाचकाच्या संगणकाला धोका पोहोचत नाही. ट्रायडंटची आज्ञावली मात्र एका कंपनीच्या मालकीची आहे. ती त्या कंपनीलाच जपावी लागते आणि जपताना तिच्यावर पहाराही ठेवावा लागतो.

त्या पहाऱ्याची गरज २०२५ साली सिद्ध झाली. हल्लेखोर खऱ्यासारखे दिसणारे बनावट संकेतस्थळ उघडायला लावून, तेच पान इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये पुन्हा उघडण्याचा आग्रह वापरकर्त्याला करत आणि मग जुन्या जावास्क्रिप्ट इंजिनातील त्रुटीमार्गे संगणकात शिरत, असे आढळून आले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने सामान्य वापरकर्त्यांसाठी या मोडचे बटण आणि उजव्या टिचकीच्या यादीतील पर्याय काढून टाकले. आता सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक पत्ता स्वहस्ते नोंदवावा लागतो. संस्थांच्या प्रशासकांनी लावलेल्या याद्या पूर्ववत चालू आहेत, आणि या मोडला किमान २०२९ पर्यंत आधार देण्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितलेले असल्याने, ज्या कार्यालयांचे अर्ज अजूनही ॲक्टिव्हएक्सवर चालतात त्यांना ते नव्याने लिहिण्यासाठी तेवढाच अवधी खात्रीने हाताशी आहे.